घर बघायला रांग, पण ऑफर एकही नाही: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

"मॅडम, एवढी माणसं येऊन गेली, सगळे 'छान आहे' म्हणतात आणि नंतर फोनच करत नाहीत. जाहिरात वाढवू, की सरळ पाच लाख कमी करू?"

रिसेलचा फ्लॅट विकायला काढलेल्या मालकांचा हा ठरलेला प्रश्न. मी पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात जुन्या फ्लॅटचे व्यवहार करते, आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं: थांबा, दोन्ही करू नका. नळाला पाणी आलं नाही म्हणून प्लंबर लगेच नळ बदलत नाही, आधी टाकीत पाणी आहे का बघतो. जाहिरात दिसली, फोन आला, माणूस बघायला आला, ऑफर आली, टोकन (विसाराची रक्कम) झालं, करारनामा नोंदवला, अशा पायऱ्यांनी घर विकलं जातं. यातल्या कुठल्या पायरीवर माणसं गळतात ते कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. झगमगीत मार्केटिंगने पहिल्या दोनच पायऱ्या सुधारतात. त्यापुढची अडचण बहुतेक वेळा कागदांत, हिशोबात किंवा मालकाच्या तोंडात असते.

फोनच येत नाहीत, किंवा फक्त एजंटांचे येतात

आधी स्वतःचाच फ्लॅट पोर्टलवर शोधा, तोही खरेदीदार शोधतो तसा. बजेटची मर्यादा ९० लाख लावली आणि तुमची किंमत ९१ असली, तर तुमचं घर त्या यादीत दिसणारच नाही. मालक म्हणतात, "बोलणी करायला एक लाख वर ठेवलाय." पण समोर माणूसच आला नाही तर बोलणी करणार कोणाशी?

दुसरं कारण जास्त त्रासदायक. मालकाने आठ एजंटांना फोटो पाठवलेले असतात आणि प्रत्येकाने आपल्या अंदाजाने किंमत टाकलेली असते. एकच हॉल, तोच निळा सोफा, आणि किंमत एकीकडे ८८, एकीकडे ९२, एकीकडे ९५. खरेदीदार मूर्ख नसतो. तो ८८ वरून बोलणी सुरू करतो आणि वर "इतके जण विकतायत म्हणजे काहीतरी भानगड दिसते" असंही धरून चालतो. एक किंवा दोन एजंट ठरवा, मुदत ठरवा, किंमत आणि फोटो सगळीकडे एकच ठेवा, बाकीच्या जाहिराती काढायला लावा. मी एजंट आहे म्हणून हे सांगते असं वाटेल, वाटू दे.

फोन येतात, पण माणसं येत नाहीत

इथे दोष जाहिरातीच्या मजकुराचा. "प्राइम लोकेशन, स्पेशियस, भरपूर हवा-उजेड, सर्व सुविधा जवळ, किंमत फोनवर." यातल्या एकाही शब्दावरून घर डोळ्यांपुढे येत नाही. मग फोन येतो तो माहिती काढण्यासाठी, आणि पहिल्याच प्रश्नाला "लिफ्ट नाहीये" हे उत्तर मिळालं की माणूस "बघतो, कळवतो" म्हणून ठेवून देतो.

मी साधारण असं लिहिते:

"कर्वेनगर, २ बीएचके, कार्पेट ६४० चौ. फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल पूर्वेला, दुपारनंतर थेट ऊन नाही. मागची बेडरूम लहान: डबल बेड बसतो, कपाट दारामागे लागतं. टँकर लागत नाही. मेंटेनन्स महिना २,२०० रुपये. एक चारचाकी पार्किंग, सोसायटीच्या पत्रासह. कर्ज नाही. मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट घरात. जूनआधी ताबा देता येईल. ९० लाख."

मालक हे वाचून दचकतात. "मागची बेडरूम लहान आहे हे कशाला सांगायचं?" कारण ते घरात पाऊल टाकताच दिसणारच आहे. आधी सांगितलं तर ज्याला चालतं तोच येतो, आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसतो. मुख्य दार दक्षिणेला असेल तर तेही लिहा. वास्तू पाहणारा येणार नाही, म्हणजे त्याचा आणि तुमचा रविवार वाचला.

क्षेत्रफळ मात्र कार्पेटमध्येच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारं द्या. २०१७ पासून रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखालचे नवे प्रकल्प कार्पेटवर विकले जातात, त्यामुळे खरेदीदाराच्या डोक्यात तोच आकडा असतो. तुमच्या जुन्या करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसह) असेल आणि जाहिरातीत सेलेबल (जिना-लॉबीचा वाटा धरून), तर घर बघताना तो मोबाइलवर हिशोब करत बसतो आणि तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटून परत जातो. टेप लावून मोजा आणि साधा नकाशा काढून फोटोंच्या आधी टाका. ड्रोनने काढलेल्या व्हिडिओपेक्षा हाताने काढलेल्या नकाशावर मला जास्त फोन आलेत. रीलचं म्हणाल तर लाइक पुष्कळ येतात, बहुतेक मालकाच्याच नातेवाइकांचे.

येतात, बघतात आणि गप्प होतात

खरी मेख इथे आहे. किंमत पटली, फोटो पटले म्हणूनच तर माणूस आला. मग त्या वीस मिनिटांत काय बिनसलं?

एक नेहमीचा प्रसंग. नवरा, बायको आणि सासूबाई आल्यात. नवरा हॉलमध्ये उभा राहून पार्किंगचं विचारतोय. सासूबाई थेट स्वयंपाकघरात, ओट्याजवळ उभ्या राहून नळ सोडून बघतात, मग सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवतात. सून ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पॉइंट शोधतेय. निर्णय या दोघी घेणार आहेत. आणि मालक? तो नवऱ्याला सांगतोय, "हे टीव्ही युनिट खास करून घेतलंय, साडेतीन लाखांचं काम आहे." त्या तिघांपैकी कोणालाच ते टीव्ही युनिट नकोय. मालकीणबाई जोडीला म्हणतात, "आम्हाला मुलाकडे जायचंय ना, म्हणून जरा घाई आहे." झालं, पाच लाख तिथेच गेले.

माझा आग्रह असतो की बघायला माणसं येतील तेव्हा मालकाने चक्कर मारून यावं. राहायचंच असेल तर विचारलं तेवढंच सांगावं. मीही स्वयंपाकघरात गप्प उभी राहते. माणसं आपापसांत जे बोलतात ते मला ऐकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन करते तेव्हा "कसं वाटलं घर?" असं विचारत नाही. त्यावर "छान आहे" हेच उत्तर येतं, कारण मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मी विचारते, "काल घरी गेल्यावर कशावरून बोलणं झालं?" मग खरं बाहेर पडतं. आईंना जिने चढवत नाहीत. बाथरूमच्या भिंतीला ओल दिसली. शेजारच्या मंगल कार्यालयाचा आवाज येईल का? एकच शंका तीन वेगवेगळ्या घरांतून आली, तर ती दुरुस्त करा. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर जाहिरातीत लिहा आणि किमतीत धरा.

ओलीबद्दल थोडं सविस्तर सांगते. गळती न काढता वरून रंग मारणं हा मालकांचा आवडता उपाय. जुन्या पिवळसर भिंतीवर दोन फुटांचा ताजा पांढरा चौकोन! खरेदीदार बोलत नाही, पण जाता जाता त्या चौकोनावर हात ठेवतो. त्याने हात ठेवला की मला कळतं, हा परत येत नाही. वरच्या फ्लॅटवाल्याशी बोलून पाइप बदला, बिल जपून ठेवा आणि बिलच दाखवा. बिल पाहिल्यावर तो विषय पुन्हा निघत नाही.

मार्केटिंगमधली कल्पकता इथे उपयोगी पडते. शेवटच्या मजल्याच्या फ्लॅटला पहिला प्रश्न "गळतं का?" हाच असतो, आणि "नाही" या शब्दाला काडीची किंमत नसते. अशा एका मालकांना मी जुलैत मुसळधार पाऊस चालू असताना व्हिडिओ काढायला सांगितलं: आधी खिडकीतून पाऊस, मग न थांबता तोच कॅमेरा चारही खोल्यांच्या छतांवरून. संगीत नाही, निवेदन नाही. लोक पावसाळ्यात घर विकायला काढायला घाबरतात. घर कोरडं असेल तर पावसाळ्यासारखा मोसम नाही.

आणखी एक उपाय, जवळजवळ फुकटचा. तुमचं घर घेणारा माणूस बरेचदा तीनशे मीटरच्या आतच राहत असतो. शेजारचा फ्लॅट घेऊन जोड फ्लॅट करणारे, गावाकडच्या आई-वडिलांना जवळ आणू पाहणारे, त्याच सोसायटीत भाड्याने राहून मुलांची शाळा न बदलण्याच्या खटपटीत असलेले. त्यांना लोकेशन समजावून सांगावं लागत नाही, सेक्रेटरी कसे आहेत हेही ठाऊक असतं. सोसायटीच्या फलकावर परवानगी घेऊन एक कागद लावा, आसपासच्या चार इमारतींच्या वॉचमनना सांगून ठेवा. मालक हे टाळतात, कारण "लोक काय म्हणतील, अडचणीत आलेत म्हणतील."

"दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय" ही थाप मात्र मी मारत नाही आणि मारूही देत नाही. खरी स्पर्धा दाखवायची असेल तर सगळ्यांना रविवारी अकरा ते एक हीच वेळ द्या. जिन्यात एकमेकांना ओलांडताना त्यांना काय कळायचं ते कळतं.

ऑफर येते, पण "फारच कमी"

आधी ऑफर कशाला म्हणायचं ते ठरवू. "८५ ला देताय का?" असं जिन्यात विचारणं म्हणजे चाचपणी. मी समोरच्याला पाच गोष्टी मेसेजवर लिहून द्यायला सांगते: रक्कम, टोकन किती, करारनामा किती दिवसांत, कर्ज किती आणि मंजुरीपत्र हातात आहे का, ताबा कधी हवा. लिहून मागितलं की निम्मे हौशी आपोआप गळतात. उरलेल्या ऑफर शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र बदलतं. कर्जमंजुरी हातात असलेल्याचे ८९ हे "बँकेत बोललोय" म्हणणाऱ्याच्या ९१ पेक्षा मला नेहमीच बरे वाटतात.

मग समोरच्याच्या खिशाचा हिशोब करा. ९० लाखांचा फ्लॅट. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ७२ लाख. वरचे १८ लाख त्याचे स्वतःचे. पुणे शहरात मेट्रो अधिभार वगैरे धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि यासाठी बँक कर्ज देत नाही. झाले २४ लाख ६० हजार, तेही रोकड तयार हवी. वकील, दलाली, रंगकाम अजून बाहेरच. "बजेट ९० आहे" म्हणणाऱ्याकडे एवढी जमवाजमव नसेल तर तो ८५ म्हणतो, तुमचं घर त्याला कमी दर्जाचं वाटलं म्हणून नव्हे.

हे कळलं की किंमत न उतरवताही मार्ग निघतो. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ९० हजार वाचतात. मात्र करारनाम्यात नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून आलं की सवलत गेली. भाड्याच्या घरातून येणाऱ्याला ताब्याची तारीख त्याच्या भाडेकराराशी जुळवून द्या. चांगल्या स्थितीतली कपाटं, गॅस गीझर, इन्व्हर्टर सोडून जा. तुम्हाला त्याचे भंगारातले पैसे येणार असतात, खरेदीदाराचा मात्र पहिल्या महिन्याचा खर्च वाचतो.

किंमत खरोखर जास्त आहे का हे बघायला पोर्टलवरचे आकडे नकोत, ते सगळे मागणीचे असतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुमच्याच इमारतीतले अलीकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या करारांचे सरकारी सारांश बघा. त्यात करारनाम्याची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य दोन्ही दिसतं.

टोकन झालं आणि व्यवहार मोडला

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे, आणि बहुतेक वेळा कारण घर विकायला काढलं त्या दिवसापासून तिथेच असतं.

एक, बँकेचं मूल्यांकन. करार ९० चा, पण बँकेच्या व्हॅल्युअरने ८४ लावले, तर कर्ज ८४ च्या ८० टक्के, म्हणजे ६७ लाख २० हजार. खरेदीदाराला आणखी ४ लाख ८० हजार उभे करायचेत. व्हॅल्युएशन कमी येण्याचं पुण्यातलं हमखास कारण म्हणजे बंद केलेली बाल्कनी. तुम्ही ती हॉलमध्ये घेऊन वीस वर्षं झाली असतील, व्हॅल्युअर मंजूर नकाशा उघडूनच मोजतो.

दोन, वारस. वडिलांच्या नावाचा फ्लॅट, आई नॉमिनी, एक भाऊ न्यू जर्सीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सांगितल्यावर घरोघरी तोच धक्का. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र. परदेशातला भाऊ येणार नसेल तर भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र, आणि ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचं. टोकन घेतल्यावर हे सुरू केलं तर खरेदीदार थांबत नाही. विकणाऱ्यांपैकी कोणी अनिवासी असेल, तर ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात नेहमी कापला जाणारा १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने पैसे देतानाच कापायचा आयकर) त्याच्या हिश्शाला लागू होत नाही, कितीतरी मोठी रक्कम कापावी लागते. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच मागवून ठेवा.

तीन, तुमचं स्वतःचं कर्ज. थकबाकीचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी जाहिरात टाकतानाच घ्या. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे, नाहीतर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

चार, सोसायटी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये. "इमारत निधी" म्हणून लाखभर मागणारी कमिटी अजूनही भेटते. ना-हरकत पत्र उपविधींप्रमाणे सक्तीचं नाही, पण खरेदीदाराची बँक ते मागतेच, म्हणून कमिटीशी भांडण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

हे सगळे कागद एका फाइलीत घालून ती फाइल मी घर दाखवताना जेवणाच्या टेबलावर ठेवते. नुसती ठेवते. खरेदीदारासोबत आलेला एखादा काका, बँकेतून निवृत्त झालेला, ती उघडतोच, आणि दहा मिनिटांनी मान डोलावतो. माझ्या सगळ्या मार्केटिंगमध्ये त्या फाइलीइतकं काही चालत नाही.

टोकन घेताना पावतीवर लिहा की कर्ज नामंजूर झालं तर पैसे किती दिवसांत परत, आणि खरेदीदाराने मन बदललं तर काय. आणि टोकन चेकने किंवा ऑनलाइनच. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड भरावा लागू शकतो.

समोर बिल्डरची ऑफर असेल तर

"मुद्रांक शुल्क शून्य", "ताब्यापर्यंत हप्ता नाही", पाडव्याला सोन्याचं नाणं. ते शुल्क बिल्डर किमतीत धरूनच देतो, पण त्यावर वाद घालू नका, तुमच्या जमेच्या बाजू मांडा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. तुमच्या जुन्या फ्लॅटवर शून्य. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरायला लागत नाही. हे दोन आकडे एका कागदावर मांडून खरेदीदाराच्या हातात द्या. तो घरी जाऊन दाखवतो.

पितृपक्षात कोणी टोकन देत नाही म्हणून हिरमुसू नका. बघून ठेवतात, आणि फोन घटस्थापनेनंतर येतो. गणपतीआधी जाहिरात लावली असेल तर तो फोन तुम्हाला येण्याची शक्यता जास्त.

आणि किंमत उतरवायचीच असेल तर

वरचं सगळं तपासून झालं, येणारे बोलके आहेत, कागद चोख आहेत, आणि तरी सगळे एकाच आकड्याभोवती थांबतायत, तर किंमत जास्त आहे. मग दर पंधरवड्याला लाख-लाख कमी करू नका. पोर्टलवर ते दिसतं आणि लोक पुढच्या लाखाची वाट बघत बसतात. एकदाच उतरवा, आणि कर्जाच्या नियमांकडे बघून उतरवा. ७५ लाखांवरच्या कर्जाला ८० ऐवजी ७५ टक्क्यांची मर्यादा लागते. म्हणजे किंमत साधारण ९४ लाखांच्या पुढे गेली की एक कोटीपर्यंत खरेदीदाराचं कर्ज ७५ लाखांवरच अडकतं आणि वरचं सगळं त्याच्या खिशातून जातं. ९५ ला त्याला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून जवळपास २७ लाख हातात हवेत, ९० ला साडेचोवीसच्या आसपास. ९५ वरून ९४ वर आणलंत तर त्याला हातात लागणारी रक्कम लाखभराने कमी होते, पण कर्ज ७५ वरच अडकलेलं राहतं. ९३ ला मात्र त्याचं ८० टक्के कर्ज पुरतं बसतं, आणि बोलणी तिथून सुरू होतात.